किरकोळ धडक: दुरुस्ती खिशातून करावी की विम्याचा क्लेम घ्यावा?

गोदाकाठ

जाणकारांचा सल्ला हवा आहे. गाडी पेट्रोल हॅचबॅक, ११९७ सीसी, वय ४ वर्षं २ महिने, नाशिक पासिंग. परवा सिग्नलला माझ्या गाडीचा डावा पुढचा कोपरा पुढच्या गाडीच्या मागच्या बंपरला लागला. वेग नगण्य होता, कुणालाही इजा नाही. माझ्या गाडीचा बंपर डावीकडे फाटला आहे, डाव्या हेडलाइटचे कान (दिवा बसवायच्या खाचा) तुटले आहेत आणि फेंडरला पोचा पडला आहे.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं इस्टिमेट जीएसटीसह असं आहे: बंपर ४,८००, हेडलाइट ७,२००, फेंडर ३,०००, क्लिपा आणि स्क्रू ४००, डेंटिंग-फिटिंगची मजुरी २,५००, बंपर आणि फेंडरचं पेंटिंग ७,६००. एकूण २५,५०० रुपये. सातपूरचा गॅरेजवाला बंपर वेल्ड करून, फेंडरचा पोचा काढून आणि हेडलाइट नवा ओरिजिनल टाकून १३,५०० मध्ये काम करायला तयार आहे.

पॉलिसी दोन महिन्यांपूर्वीच रिन्यू केली. आजवर एकही क्लेम नाही, एनसीबी (क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारा बोनस) ४५ टक्के. एनसीबी वजा करण्याआधीचा ओडीचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) हप्ता ८,००० आहे. पुढच्या गाडीचे मालक बंपरच्या रंगकामासाठी ६,००० रुपये रोख मागत आहेत, पोलिसांत जायची त्यांची इच्छा नाही. क्लेम घ्यावा की खिशातून भागवावं? आणि त्यांच्या पैशांचं काय करावं?

हिशेबनीस

बहुतेक लोक इथे एकच चूक करतात. "क्लेम घेतला तर पुढच्या वर्षीचा बोनस जाईल, म्हणजे चारेक हजारांचं नुकसान" असा हिशेब मांडून मोकळे होतात. पण नुकसान एका वर्षात संपत नाही. बोनसची शिडी २०, २५, ३५, ४५, ५० अशी आहे. एक क्लेम घेतला की माणूस थेट शून्यावर येतो आणि पायरी पायरीनं पुन्हा चढतो.

तुमच्याच आकड्यांवर बघा. क्लेम नाही घेतला तर पुढच्या रिन्यूअलला ५० टक्के आणि त्यानंतर दर वर्षी ५०च. क्लेम घेतला तर ०, २०, २५, ३५, ४५, मग ५०. दर वर्षीचा फरक ५०, ३०, २५, १५ आणि ५. बेरीज १२५. म्हणजे एका क्लेमची खरी किंमत ही एका वर्षाच्या मूळ ओडी हप्त्याच्या सव्वापट असते. तुमचे ८,००० धरले तर १०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ११,८००.

ज्यांचा बोनस आज वेगळा आहे त्यांच्यासाठी हाच आकडा: आज बोनस शून्य असेल तर ५० टक्के, २० असेल तर ८०, २५ असेल तर १०५, ३५ असेल तर १२०, आणि ४५ किंवा ५० असेल तर १२५. आपल्या पॉलिसीतला बोनस वजा होण्याआधीचा ओडी आकडा याने गुणायचा आणि वर जीएसटी धरायचा. थर्ड पार्टीचा (दुसऱ्यांच्या नुकसानीसाठीचा) हप्ता यात आणायचा नाही, त्यावर बोनस मिळतच नाही. झिरो डेपसारख्या (घसारा न कापता भरपाई देणाऱ्या) ॲड-ऑनच्या, म्हणजे जोड कव्हरच्या हप्त्यावरही बहुतेक कंपन्या बोनस लावत नाहीत.

आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) दर वर्षी कमी होते, त्यामुळे ओडीही उतरतो. वर्षाला दहा टक्के उतार धरला तर तुमचे ११,८०० साधारण ९,५०० वर येतात. उलट बाजूही आहे. २००७ पासून ओडीचे दर कंपन्या स्वतः ठरवतात, त्यामुळे क्लेमनंतर बोनस तर जातोच, पण मूळ दरावरची सूटही आखडती येऊ शकते. दोन्ही गोष्टी एकमेकींना बऱ्यापैकी छेद देतात. मी ११,८०० च धरेन.

पॉलिसीत एनसीबी प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन असेल तर मात्र वरचं सगळं बदलतं. ते आहे का, आधी बघा. त्यात वर्षाला किती क्लेमपर्यंत बोनस राखला जातो, हे कंपनीगणिक वेगळं असतं.

पॉलिसीवाचक

हिशेबनीस यांनी जाणाऱ्या पैशांचं सांगितलं, मी येणाऱ्या पैशांचं सांगतो. इस्टिमेट २५,५०० आहे म्हणून विमा कंपनी २५,५०० देत नाही.

झिरो डेप नसेल तर घसारा कापला जातो. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर गाडीचं वय काहीही असो, सरसकट ५० टक्के. फायबरग्लासवर ३०. काचेवर शून्य. धातूच्या भागांवर वयाप्रमाणे: पहिले सहा महिने काही नाही, एक वर्षापर्यंत ५, मग दुसऱ्या वर्षात १०, तिसऱ्यात १५, चौथ्यात २५, पाचव्यात ३५, पाच ते दहा वर्षं ४० आणि पुढे ५०. तुमची गाडी पाचव्या वर्षात आहे, म्हणून धातूवर ३५ टक्के.

पेंटिंगबद्दल लोकांचा गैरसमज असतो की निम्मे पैसे जातात. तसं नाही. एकत्रित बिल असेल तर त्यातला २५ टक्के हिस्सा रंगसामग्रीचा धरतात आणि त्या हिश्श्यावर ५० टक्के कापतात. म्हणजे एकूण पेंटिंगच्या साडेबारा टक्केच. मजुरीवर घसारा नाही.

तुमचं इस्टिमेट यात घातलं की बंपरचे २,४००, हेडलाइटचे ३,६०० (त्याची काच खरं तर प्लास्टिकची असते आणि घसारा तसाच लागतो), फेंडरचे १,९५०, मजुरी पूर्ण २,५००, पेंटिंगचे ६,६५०. क्लिपा-स्क्रू कंझ्युमेबल्समध्ये (वापरून संपणाऱ्या किरकोळ वस्तूंत) मोडतात, त्याचे शून्य. बेरीज १७,१००. यातून सक्तीची वजावट जाते. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला ती १,००० रुपये, त्यापुढच्या गाडीला २,०००. हाती येणार १६,१००. खिशातून ९,४००.

झिरो डेप असेल तर फक्त ४०० आणि १,००० म्हणजे १,४०० खिशातून.

पॉलिसीचं पहिलं पान उघडा आणि आणखी एक शब्द शोधा: व्हॉलंटरी डिडक्टिबल, म्हणजे आपणहून स्वीकारलेली वजावट. ऑनलाइन पॉलिसी घेताना हप्ता कमी दिसावा म्हणून २,५००, ५,०००, ७,५०० किंवा १५,००० चा पर्याय निवडला जातो आणि नंतर विसरला जातो. हप्त्यात सूट मिळते जेमतेम ७५० ते अडीच हजारांपर्यंत, पण ही वजावट दर क्लेमला सक्तीच्या हजाराच्या वर लागते. १५,००० निवडलेले असतील तर तुमच्या क्लेमला काही अर्थच उरत नाही.

गोदाकाठ

पॉलिसी बघितली. झिरो डेप आहे. व्हॉलंटरी काही नाही. कंझ्युमेबल्स आणि एनसीबी प्रोटेक्ट नाहीत.

हिशेबनीस

मग तुलना अशी. क्लेम: १,४०० अधिक ११,८०० म्हणजे १३,२००, आणि काम कंपनीच्या सेंटरला सगळ्या नव्या भागांसह. बाहेर: १३,५००, वेल्ड केलेला बंपर आणि ठोकून सरळ केलेला फेंडर. आकडे जवळजवळ सारखे आहेत, म्हणून आता आकड्यांबाहेरच्या गोष्टी निर्णय करतील.

पहिली: येत्या वर्ष-दोन वर्षांत नवी गाडी घ्यायची आहे का? बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना कंपनीकडून एनसीबी राखल्याचं पत्र घेतलं की तो त्याच प्रकारच्या नव्या गाडीला लावता येतो, पत्र तीन वर्षं चालतं. नव्या गाडीचा ओडी समजा २५,००० असेल तर ५० टक्के बोनस म्हणजे एका झटक्यात १२,५०० आणि वरचा जीएसटी. अशा वेळी १३-१४ हजारांच्या कामासाठी क्लेम घेणं घाट्याचं आहे. उलट हीच गाडी आणखी पाच-सहा वर्षं वापरणार असाल तर नुकसान वर सांगितलं तेवढंच.

दुसरी: तुमच्या पॉलिसीचे दहा महिने शिल्लक आहेत. बोनस एकदाच शून्य होतो. आज क्लेम घेतला आणि याच पॉलिसी वर्षात पुन्हा काही झालं, तर दुसऱ्या क्लेमला बोनसचं नवं नुकसान नाही, फक्त हजाराची वजावट. पण झिरो डेपचे क्लेम बऱ्याच कंपन्या वर्षाला दोनच देतात, ती मर्यादा पॉलिसीत वाचून ठेवा.

आणि एक सूचना, कारण हे सर्रास केलं जातं. आत्ताच्या क्लेममध्ये दारावरचा जुना ओरखडा किंवा मागच्या बंपरचं खरचटलेलंही "घुसवून टाका" असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. धडक डाव्या पुढच्या कोपऱ्याला आहे. सर्व्हेअर (विमा कंपनीच्या वतीनं नुकसान तपासणारा) नुकसानाची दिशा, उंची आणि गंज बघतो. जुन्या ओरखड्यात धूळ बसलेली असते, पत्रा उघडा असेल तर तांबूस डाग असतो. न जुळणारं पॅनल वगळतात, आणि मग बाकीच्या क्लेमकडेही संशयानं बघतात. वेगळ्या दिवशीचं नुकसान हा वेगळा क्लेम असतो, त्याची वजावटही वेगळी.

डेंटर पेंटर

सगळे कागदावरच्या इस्टिमेटवर भांडत आहेत. बंपर उतरवून कुणी बघितलं आहे का?

या गाड्यांत पुढचा बंपर म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचं नुसतं आवरण. त्याच्यामागे फोम किंवा प्लास्टिकचा ॲब्झॉर्बर, त्यामागे पत्र्याचा आडवा बीम, आणि लगेच एसीचा कंडेन्सर, मग रेडिएटर. कमी वेगाची धडक कोपऱ्याला लागली तरी बंपर आत दबतो आणि परत बाहेर येतो. बाहेरून फक्त फाटलेला दिसतो, आत बीम वाकलेला किंवा कंडेन्सरच्या पंखांवर बीमचा दाब आलेला असू शकतो. कंडेन्सरला बारीक गळती असेल तर एसी आठ-पंधरा दिवसांनी गार करणं बंद करतो, आणि तोवर बाहेर काम करून पैसे देऊन झालेले असतात. मग त्या कंडेन्सरला जुना अपघात जोडून देणं फार कठीण जातं.

घरीच करता येण्याजोगी तपासणी: थंड इंजिनवर कूलंटची टाकी बघा, पातळी खुणेखाली गेली आहे का. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवा. बॉनेट आणि फेंडरमधली फट उजवीकडे आणि डावीकडे सारखी आहे का, ते बोट फिरवून बघा. डाव्या हेडलाइटची आणि उजव्याची भिंतीवरची उंची जुळते का. स्टिअरिंग सरळ धरल्यावर गाडी बाजूला ओढते का. डाव्या कोपऱ्याची धडक चाकापर्यंत गेली असेल तर टाय रॉड किंवा लोअर आर्म तपासून अलाइनमेंट करावीच लागते.

कूलंट गळत असेल तर गाडी एक किलोमीटरही चालवू नका. गळत्या रेडिएटरवर इंजिन तापून जाम झालं तर ते नुकसान कंपनी देत नाही. अपघातानंतर दुरुस्तीआधी गाडी चालवल्यानं वाढलेलं नुकसान मालकाच्या माथी, अशी पॉलिसीची अटच आहे. टो करून न्या.

बाहेरच्या कामाबद्दल. सातपूरच्या गॅरेजवाल्याचं गणित वाजवी आहे, पण दोन गोष्टी विचारून घ्या. फाटलेल्या बंपरचं वेल्डिंग करताना आतून जाळी बसवणार का? नुसतं वरून वितळवून जोडलेली फट पहिल्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते. आणि रंगाआधी प्लास्टिक प्राइमर मारणार का? पॉलिप्रॉपिलीनला रंग धरत नाही. थेट मारला तर सहा महिन्यांत पापुद्रे सुटतात, विशेषतः प्रेशर वॉशखाली. फेंडरचा पोचा आधी पत्रा ठोकून जितका सरळ होईल तितका करायचा आणि लांबी (पुट्टी) दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड भरायची नाही. जाड लांबी पुढे तडकते. जिथे पत्रा उघडा पडला तिथे लांबीआधी इपॉक्सी प्राइमर हवा, नाहीतर आतून गंज येतो. गाडी विकताना हल्ली खरेदीदार रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावतात. मूळ रंग साधारण १०० ते १४० मायक्रॉन असतो. लांबी भरलेल्या जागी आकडा कितीतरी वर जातो आणि भाव पाडायला निमित्त मिळतं. फेंडर बोल्टवर बसतो, बदलायला सोपा आणि तीन हजारांचाच आहे. बाहेर काम केलंत तरी ठोकण्याऐवजी नवा बसवून रंगवा, असं माझं मत.

हेडलाइटचे फक्त कान तुटले असतील, काच आणि आतली वाटी शाबूत असेल, तर काही मॉडेलना गाडीची कंपनीच दुरुस्तीचं ब्रॅकेट किट देते. सातेक हजारांचा दिवा काही शेकड्यांत वाचू शकतो. पार्ट काउंटरला गाडीचा चासी नंबर देऊन विचारा. लोकल हेडलाइट मात्र घेऊ नका. त्याचा झोत विस्कटलेला असतो आणि पहिल्या पावसात आत वाफ धरते.

आणखी एक. सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. इस्टिमेटवर २८ दिसत असेल तर ते पुन्हा काढून घ्या.

पॉलिसीवाचक

डेंटर पेंटर यांचं बरोबर आहे, पण क्रम सांभाळा. बंपर उतरवायचाच असेल तर आधी विमा कंपनीला कळवा, क्लेम नंबर घ्या, गाडीचे चारही बाजूंनी आणि धडकेच्या जागेचे नंबर प्लेटसह फोटो काढा, मग सर्व्हेअरसमोर किंवा त्याच्या परवानगीनं बंपर उतरवा. छोट्या क्लेमचा सर्व्हे हल्ली बरेचदा फोटोंवर किंवा व्हिडिओ कॉलवर होतो, पण पाहणीआधी खोललेली किंवा दुरुस्त केलेली गाडी दाखवली की वाद सुरू होतो.

लागणारे कागद: आरसी, चालवणाऱ्याचं लायसन्स, पॉलिसी, भरलेला क्लेम फॉर्म, पॅन आणि आधार. इजा नसेल आणि फक्त स्वतःच्या गाडीचं नुकसान असेल तर एफआयआर साधारणपणे मागत नाहीत. गाडीला बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल आणि ते आरसीवर आणि पॉलिसीवर चढवलेलं नसेल, किंवा चालवणाऱ्याचं लायसन्स संपलेलं असेल, तर क्लेमच्या वाटेला जाण्याआधीच ओळखा की तो अडणार आहे.

गोदाकाठ

कळवून ठेवलं आणि नंतर क्लेम नाही घेतला तर बोनस जातो का? गॅरेजवाला म्हणतो, नुसता फोन केला तरी बोनस गेला.

पॉलिसीवाचक

नुसत्या फोननं जात नाही. पैसे न घेता क्लेम मागे घेतला तर बोनस साधारणपणे राहतो. पण तो तोंडी मागे घेऊ नका. ईमेल लिहा: क्लेम क्रमांक अमुक, मी हा क्लेम मागे घेत आहे, कोणतीही रक्कम स्वीकारलेली नाही, क्लेम शून्य रकमेवर बंद केल्याचं लेखी कळवावं. ते उत्तर जपून ठेवा. अडचण येते ती क्लेम कुणीच बंद न केल्यानं. रिन्यूअलच्या दिवशी तो प्रणालीत प्रलंबित दिसला की बोनस अडकतो.

हिशेबनीस

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. नुकसान उघडच दोन-तीन हजारांचं असेल, म्हणजे बंपरचा ओरखडा किंवा आरशाचं आवरण, तर कळवण्याच्या फंदातही पडू नये. नोंद राहते आणि पुढे कंपनी बदलताना खुलासे करत बसावं लागतं. तुमच्या बाबतीत आकडा काठावर आहे आणि आत काय आहे ते माहीत नाही, म्हणून कळवणंच योग्य. आणि ते लगेच. बऱ्याच कंपन्या २४ ते ४८ तासांची अपेक्षा ठेवतात. तुम्ही "परवा" लिहिलं आहे, तर आजच करा. उशीर झाल्याच्या एवढ्याच कारणावरून खरा क्लेम नाकारू नये, असं विमा नियामकानं २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना सांगितलेलं आहे, त्यामुळे एखाद-दोन दिवसांच्या उशिरानं घाबरून जायचं कारण नाही. उशिराचं कारण मात्र खरं लिहा.

आणि क्लेम घेतल्यावर पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीकडे जाऊन "क्लेम नाही" असं टिक करून बोनस लाटू नका. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खातरजमा करते. खोटं निघालं तर ऐन मोठ्या अपघातात ओडी क्लेम नाकारला जातो. चार हजार वाचवायला चार लाखांचं संरक्षण घालवणारे बरेच आहेत, आणि त्यांना एजंटनंच ते टिक करून दिलेलं असतं.

कायदेकानू

समोरच्या गाडीच्या ६,००० बद्दल कुणीच लिहिलं नाही.

तुमच्या पॉलिसीत एक अट असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकानं जबाबदारी कबूल करायची नाही, पैशांचं आश्वासन द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. म्हणजे तुम्ही त्यांना ६,००० दिले आणि नंतर कंपनीकडे मागितले तर ते मिळणार नाहीत. ते तुमच्या खिशातले, असं धरूनच द्या. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या क्लेम फॉर्ममध्ये घटना खरी लिहा: सिग्नलला पुढच्या गाडीला लागली, इजा नाही. "खांबाला लागली" असं लिहू नका. धडकेची उंची आणि बंपरवर चिकटलेला दुसऱ्या गाडीचा रंग सगळं सांगतो.

कायद्याच्या वाटेनं जायचं तर तुमच्या थर्ड पार्टी कव्हरमध्ये त्यांच्या मालमत्तेचं नुकसान साडेसात लाखांपर्यंत येतं. पण त्यासाठी त्यांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागेल. सहा हजारांसाठी कुणी ते करत नाही. ते स्वतःच्या पॉलिसीतून क्लेम घेऊ शकतात, पण मग त्यांचा बोनस जातो, म्हणून ते रोख मागत आहेत. मागणी गैर नाही. फक्त त्यांच्याकडून बिल किंवा इस्टिमेट मागा. मागच्या बंपरच्या नुसत्या रंगकामाला सहा हजार कंपनीच्या सेंटरला लागू शकतात, बाहेर कमी लागतील. ते कुठे काम करणार आहेत, त्यावर आकडा ठरवा.

रोख देऊ नका, यूपीआय किंवा बँकेनं द्या, आणि एका कागदावर सही घ्या. मजकूर एवढा पुरे: "दिनांक अमुक रोजी अमुक ठिकाणी झालेल्या अपघातात माझ्या अमुक क्रमांकाच्या वाहनाच्या मागील बंपरचे नुकसान झाले. त्याच्या दुरुस्तीपोटी रुपये इतके आज मिळाले. या नुकसानीबाबत माझी आणखी कोणतीही मागणी राहिलेली नाही व याच दुरुस्तीसाठी मी विमा कंपनीकडे दावा करणार नाही. अपघातात मला किंवा वाहनातील कोणालाही इजा झालेली नाही." खाली नाव, सही, वाहन क्रमांक, तारीख. "चूक माझी होती" असं वाक्य तुमच्या बाजूनं कुठेही नको, व्हॉट्सॲपवरही नको. कागदाचा फोटो दोघांकडे राहू द्या.

हे सगळं इजा नसेल तरच. कुणाला साधं खरचटलं असेल, मान दुखते म्हणत असेल, तरी खासगी तडजोड हा मार्ग नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून देणं, पोलिसांना माहिती देणं (जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात २४ तासांच्या आत) आणि विमा कंपनीला कळवणं हे चालकाचं कर्तव्य आहे. पैसे देऊन घेतलेला कागद जखमी माणसाचा न्यायाधिकरणात जाण्याचा हक्क संपवेलच असं नाही, आणि तुम्ही कंपनीला कळवलंच नव्हतं हे तेव्हा तुमच्याच विरुद्ध जातं.

गोदाकाठ

कळवलं, क्लेम नंबर मिळाला. आज व्हिडिओ कॉलवर सर्व्हेअरला दाखवून सेंटरमध्ये बंपर उतरवला. बीम डावीकडे वाकला आहे आणि कंडेन्सरचा खालचा कोपरा दबून तिथे तेलकट डाग आहे. वाढीव इस्टिमेट: बीम २,८००, कंडेन्सर ८,५००, एसी गॅस १,८००, मजुरी १,२००. एकूण आता ३९,८००. सातपूरवाला हेच सगळं धरून आता २७,६०० म्हणतो. नवी गाडी घ्यायचा विचार नाही.

हिशेबनीस

तेलकट डाग म्हणजे गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल बाहेर आलं आहे, कंडेन्सर गेला. आता प्रश्नच उरला नाही. एसी गॅस कंझ्युमेबल्समध्ये कापतील असं धरा. क्लिपा ४००, गॅस १,८००, वजावट १,०००, म्हणजे खिशातून ३,२००. त्यात ११,८०० मिळवले तर १५,०००. बाहेर २७,६००. क्लेम घ्या.

डेंटर पेंटर

काम सुरू करण्याआधी वाढीव इस्टिमेटला सर्व्हेअरची मंजुरी ईमेलवर आली आहे का, ते सेंटरच्या सल्लागाराला दाखवायला सांगा. पहिल्या २५,५०० ची मंजुरी कंडेन्सरला लागू होत नाही. एसीचा पाइप आणि ओ-रिंग तपासून घ्या, नवीन कंडेन्सरबरोबर ओ-रिंग नव्याच लागतात, आणि गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम किमान अर्धा तास धरायला सांगा. व्हॅक्यूम टिकला नाही तर गळती अजून कुठेतरी आहे.

गाडी ताब्यात घेताना दिवसा घ्या, संध्याकाळच्या ट्यूबलाइटखाली रंगाची शेड कळत नाही. फेंडर आणि शेजारचं दार उन्हात दोन कोनांतून बघा. हेडलाइट भिंतीवर मारून झोत जुळवून घ्या. काढलेले जुने भाग सेंटरला ठेवायला सांगा. कंपनी कधी कधी दुरुस्तीनंतर पुन्हा पाहणी करते आणि जुना बीम, जुना कंडेन्सर दाखवा म्हणते. ते भंगारात गेले असतील तर त्या रकमेवर वाद होतो.

पॉलिसीवाचक

अंतिम बिलावर सही करण्याआधी कंपनीचं मंजुरी पत्र मागा आणि ओळीनं ओळ बिलाशी ताडा. सेंटर तुमच्याकडून जे पैसे घेईल, त्यातला प्रत्येक रुपया त्या पत्रात कुठल्या तरी वजावटीखाली दिसला पाहिजे. झिरो डेप असताना "प्लास्टिकवर ५० टक्के" असं कापलेलं दिसलं तर गाडी ताब्यात घेण्याआधीच दुरुस्त करून घ्या. नाही ऐकलं तर कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, मग नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर, आणि त्यानंतर विमा लोकपालाकडे. महाराष्ट्रात लोकपालाची कार्यालयं मुंबईत, ठाण्यात आणि पुण्यात आहेत, तक्रारीला फी नाही आणि वकील लागत नाही.